रन

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून क्लास सोमवारचा.
वर्कशॉपच्या माळ्यावर नऊ जण,
कटिंग ऑइलचा वास,
आणि फळ्यावर एकच क्रियापद : रन.

पळणे, म्हणाले सगळे. सोप्पं.
मी म्हटलं, थांबा.
तिकडं नाक पळतं, नळ पळतो,
बादलीत साडीचा रंग पळतो,
रस्ता पळतो गावापर्यंत,
आणि डायबेटिस घराण्यातनं.
इलेक्शनला आपल्यात उभं राहतात,
काही देशांत पळतात.

बाबालाल शिकलगार, वय एकसष्ट,
व्हॉल्व्हची एक्स्पोर्ट ऑर्डर आल्यापासनं
पहिल्या बाकावर.
बोटातली काळी रेघ साबणाला न जुमानणारी.
“बाई, लेथ बी पळतंय त्येंचं?”
हो.
“घड्याळ?”
तेही.
“आमचं सगळं चालतंय वो.
लेथ चालतंय, दुकान चालतंय,
कोर्टात केस चालतीया सोळा वर्सं,
दूध नसलं तर कोरा च्याबी चालतोय.
पळायचं ते पाडव्याला म्हशींनी,
सायलेन्सर काढल्याल्या गाडीमागनं.”

माळा हसला. मीही.

मग रन आऊट.
क्रिकेटवाली पोरं खूश.
तसं नव्हे रे, संपणे. वाक्य करा.
आठ वह्यांत साखर संपली.
नवव्या वहीत खाडाखोड,
मग ‘माय सन रन’,
आणि पुढं कोरी जागा.

“न सांगता गेलाय दुबईला.
आऊट लावू का अवे?”

मला उत्तर येत होतं.
चौदा वर्षं शिकवतेय.
तरी मी भूतकाळाकडं वळले,
म्हटलं, आधी रूपं नीट करू :
रन, रॅन, रन.

ते बघत राहिले फळ्याकडं,
मायक्रोमीटर बघावा तसं, एक डोळा बारीक.
“तिसरं पयल्यासारकंच?”
हो.
“म्हंजे जातंय, आन् माघारी येतंय.”

येतं, मी म्हटलं.
पण आधी हॅव लावावं लागतं.
“हॅव म्हंजे?”

खाली कुणीतरी शटर वर केलं.
जवळ असणे, मी म्हटलं.
ते पुढच्या सोमवारी.