एक मिनिट बावन्न

कॉलेजच्या तळघरात माझी खोली. खिडकी नाही.
कॅमेरे देतो, परत घेतो, वहीत सही.
परत येतात तेव्हा लेन्सवर बोटं, पिशवीत वाळू,
एकदा तर अर्धं सँडविच आलं होतं.
होलीहेडमध्ये दुसरं काही नसलं तरी वारा आहे,
तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो
आणि बोलावलं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा
हलायचं नाव घेत नाही.

लाउरीचा वर्षाचा प्रकल्प होता, गाण्याचा व्हिडिओ.
गाणं गेथिनच्या बँडचं: तीन मुलं, उसना ड्रम,
शब्द नीट कळत नाहीत
पण कोणीतरी निघून गेलंय एवढं कळतं.
स्केटबोर्डला फोन बांधून तिने सरकता शॉट घेतला,
हिरव्या पडद्यासाठी दवाखान्यातून चादर आणली,
ड्रोन मागितला. मी नाही म्हणालो.
गेल्या वर्षीचा कुरव पक्ष्यांनी पाडला,
त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

मग तीन आठवडे ती माझ्या कोपऱ्यातल्या मशीनवर.
दिसेल ते बटण दाबून पाहायचं:
धूर, चकाकी, पडद्याचे चार भाग,
मागे मागे जाणाऱ्या लाटा.
पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाला वाढावं
तसं सगळं एकाच ताटात.

कँटीनमध्ये बाराजणांना दाखवला.
तेरावी भांडी घासणारी मॉरवेन, तिला कोणी मोजलं नव्हतं.
चिठ्ठ्या वाटल्या. एक ते पाच गुण,
आणि खाली चार बोटं मोकळी जागा.
माणसं खरं बोलतात ती तिथेच.

‘ती मुलगी फार चालते.’
‘रंग छान. कळलं नाही.’
‘लाल मफलर म्हणजे ती मेली का?’
‘गेथिन, केस काप.’
आणि सात चिठ्ठ्यांवर, सात वळणांच्या अक्षरांत
(मॉरवेनची बिलाच्या पाठीवर, ओली):
एक बावन्नला मागे तो माणूस कोण?

लाउरी म्हणाली, कुठला माणूस?

ती चौकट तिने शंभरदा पाहिली होती,
तिच्यातलं आभाळ कणाकणाने गडद केलं होतं.
आता दोनशे टक्के मोठी केली. चारशे.
बांधाच्या टोकाशी चौकोनी ठिपके,
ठिपक्यांना कोट,
कोटाचे दोन्ही पदर हातांनी ताणलेले, वाऱ्याकडे पाठ,
आणि आडोशाला माझ्या वहीतला सात नंबरचा स्पीकर,
ज्यावर गाणं वाजत होतं,
ज्याच्या सुरावर इकडे गेथिन ओठ हलवत होता.
ताडपत्री केव्हाच उडाली होती.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, बाबांची रात्रपाळी होती फेरीवर.
ते झोपायला घरी गेले होते.
असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या प्रतीतून धूर गेला, चकाकी गेली,
लाटा सरळ आल्या. मफलर राहिला, हट्टाने.
एक बावन्नचा शॉट बरोबर ठोक्यावर तुटायचा,
तो तिने चार सेकंद पुढे जाऊ दिला.
ठोका चुकतोय, गुण कापतील, मी सांगितलं.
कापू देत.

या वेळी नऊजण आले.
एकाने लिहिलं, तिथे जरा लांबतं.
मॉरवेनने काहीच लिहिलं नाही.
त्या चार सेकंदांपुरता नळ बंद केला.

‘प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात?’
पाचशे शब्द हवे होते.
चारशे ऐंशी तिने सॉफ्टवेअरवर खर्च केले.
उरलेले वीस मला वाचायला दिले नाहीत.

शुक्रवारी सात नंबर परत आला.
घेऊन इदवाल आला, लाउरीचा बाप, फेरीच्या गणवेशात,
डोळे जागरणाचे, स्पीकर तान्ह्या मुलासारखा धरलेला.
जाळीत मीठ गेलंय, म्हणाला. दंड किती?
मी वही पुढे केली. त्याने सही केली, मग थांबला.
व्हिडिओ अजून पाहिला नाही, म्हणाला,
तिने बोलावलंय सोमवारी.
एक विचारू?
मी चौकटीच्या बाहेरच होतो ना?
फार जपून उभा होतो.

हो, मी म्हणालो.
आवाजाचं बटण तेवढं अडकतंय.
बाकी सगळं ठीक.