मांड

मांजरीत नदीवर जलपर्णी माजली की
वारा आमच्या तबेल्याकडे वळतो, आणि कर्नल
नाकपुड्या फुगवून अख्ख्या पुण्याचा वास घेतो.
नऊ शर्यती हरलेला घोडा. त्याला पांढरं काही दाखवायचं नाही:
चुन्याची फक्की, वाळत घातलेला पंचा,
एकदा तर बगळा.
पांढरं दिसलं की त्याला मैदानाचा कठडा दिसतो,
कठडा दिसला की शेवटचा फर्लांग,
मग पाठीवर मी आहे की चंदीचं पोतं, याचं त्याला काही नसतं.
ओढून तो थांबत नाही.
शर्यतीत कुणाला हरवलं नसेल त्याने,
ओढणाऱ्यांना मात्र कायम हरवलं.
म्हणून मी लगाम सैल सोडते, वर्तुळ काढते,
त्याच्या आत वर्तुळ, त्याच्याही आत,
शेवटी त्याला स्वतःचीच शेपूट भेटते
आणि तो ओशाळून दुडक्या चालीवर येतो.

सदूचं उलट.
बारा लग्नसराया त्याने नवरदेव वाहिले.
डाव्या कानाने ऐकू येत नाही, बँडवाल्यांची कृपा,
आणि वाजवल्याशिवाय पाऊल उचलत नाही.
घोडं अडलंय कुठे, असं लोक सहज विचारतात.
आमचं रोज इथेच अडतं, या कडुलिंबाखाली.
मग दस्तगीरचाचा तेलाचा डबा बडवत पुढे निघतात,
मागे सदू, वर मी,
नवरदेवासारखीच अवघडलेली.
हल्ली डबा हळू वाजतो.
गेल्या मंगळवारी तर नुसती बोटं.

जिलबी चावते. तिच्याबद्दल एवढंच.

आणि आक्का.
काठेवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली.
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी,
माझ्याच हातचा तिळगूळ खाऊन,
तिने मला पाडलं.
हासळीचं हाड गेलं. हडपसरच्या डॉक्टरांनी विचारलं,
गाडी कुठली होती?
आक्का, मी म्हटलं.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

हाड दीड महिन्यात जुळलं.
पण रिकिबीत पाय घालायला गेले की
पाय माझा राहायचा नाही.
चाचा म्हणाले, लगाम नको, खोगीर नको,
बादली पालथी घाल, तिच्या ठाणात बस,
काहीतरी वाच.
मी वाचलं: विजेचं बिल,
औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं,
सोसायटीची नोटीस, गुरुवारी पाणी येणार नाही.
तिसऱ्या आठवड्यात
‘थकबाकी’ या शब्दाला तिने एक कान फिरवला.

तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात जुनी खूण आहे,
काटेरी लगामाची. कुणाच्या हातची, मी विचारलं नाही.
एकदा तिने मान लांबवली,
ओठ आणले ते नेमके तिथे,
जिथे माझं हाड जरा उंच राहिलंय.
मी श्वास रोखला.
ती झटकन मागे भिंतीला जाऊन भिडली.
दारातून चाचा:
“सोड, श्वास सोड. तू धरलास की तिला वाटतं,
तुला वाघ दिसला.”

आज बसले.
खोगिराशिवाय, तिच्या कण्याची ऊब
सरळ मांड्यांत चढत होती,
आणि मी मोठ्याने, विनाकारण,
विजेचं बिल म्हणत होते, पाठ झालेलं.
सात पावलं.
आठव्याला ती थांबली.
“उतर,” चाचा म्हणाले,
“तिने पुरे म्हणायच्या आत आपण म्हणायचं.”
उद्या कदाचित दोनच पडतील.
पडतील किंवा पडेन.

घरी जाताना मगरपट्ट्याच्या सिग्नलला
मागच्या टेम्पोने असा हॉर्न दिला
की माझा हात आपोआप पुढे गेला,
स्कूटरच्या मानेवर थोपटत राहिला:
हो, हो. काही नाही. हो.
शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं.
त्याच्या अंगाला घोड्याचा वास नव्हता,
माझ्या होता.