जाळीच्या अलीकडे

एकशे चौदाव्या किलोमीटरच्या खांबाशी
जुरांदीरनं यंत्राचं डोकं दोनदा जमिनीवर आपटलं,
तिसऱ्यांदा जरा रागानं.
खालून दोरी आली नाही.
संपली होती, किंवा आत कुठे गुंतली होती,
आणि त्याच्या चष्म्याची एक काच
सकाळच्या खड्यानंच गेली होती.
"ओझीलिया," तो म्हणाला, "तू बघ."

मी अकरा वर्षं जाळी धरते.
नगरपालिकेच्या कागदावर या कामाला नाव नाही,
'मदतनीस' एवढंच.
दोन बांबू, मध्ये हिरवी जाळी, माणसाच्या उंचीची.
यंत्र सरकेल तशी मी सरकते,
म्हणजे उडालेला खडा
उसाच्या ट्रकच्या काचेवर न जाता
माझ्या जाळीत पडावा.
पडतो. कधी नडगीवर पडतो.

टोपणाचे दोन कान दाबले की ते निघतं म्हणे.
निघालं नाही.
स्क्रूड्रायव्हर घातला, तेव्हा निघालं ते स्प्रिंगसकट,
आणि स्प्रिंग गेली गवतात.
अर्धा तास तिघंही गुडघ्यांवर:
मी, जुरांदीर, ट्रॅक्टरवाला वाल्देसी.
वाल्देसीला एक नाणं सापडलं, चलनातून गेलेलं.
त्यानं ते पुसून खिशात टाकलं.
स्प्रिंग माझ्या बुटाखाली होती.

रीळ अजून गरम.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे पीळही नव्हता आणि सुंभही,
वेढ्याला वेढा वितळून बसलेला
एक नारिंगी गोळा.
चाकूनं खरवडून काढला.

नवी दोरी बादलीत होती, काल रात्रीपासून पाण्यात.
ही जुरांदीरची रीत.
कोरडी दोरी दगडाला लागली की तुटते,
भिजलेली जरा समजून घेते.
दुसऱ्या टोळ्यांची पोरं आमची बादली बघून
विचारतात, मासे लागले का?

हात पसरून तीन वाव मोजले, वर एक वीत.
मधोमध दुमडून घडी खाचेत अडकवली
आणि बाणाच्या दिशेनं गुंडाळायला लागले.
बाण झिजला होता.
बोटानं चाचपला, वाटलं कळला.
कळला नव्हता.
यंत्र सुरू केलं, एकदा टेकवलं,
दोरी आतल्या आत सैल पडून
सगळा गुंता झाला, झिंज्यांसारखा.
जुरांदीर काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मला पाठ आहे.
पुन्हा मोजली, पुन्हा दुमडली, उलटी गुंडाळली,
दोन टोकं दोन भोकांतून वीत वीत बाहेर,
टोपण: टक्.

मग पट्टा त्यानं माझ्याच खांद्यावर घातला.
"एका डोळ्यानं माझ्याच पायावर चालवीन," म्हणाला,
आणि बांबू उचलून पलीकडे गेला.

गवत कापलं जात नाही, झोडलं जातं;
हे मला जाळीतून कधी दिसलं नव्हतं.
चौकोनी चौकोनी दिसायचं सगळं,
हिरवं, मग तपकिरी, मग लाल माती.
आणि वारुळाजवळचा तो वर्तुळाएवढा तुकडा,
जो दर वेळी तसाच राहायचा.
मला वाटायचं, हा इथे कंटाळतो.

वारुळावर घुबड बसलं होतं,
पिंगळ्याएवढं, उंच पायांचं, भरदुपारी.
खाली बिळाचं तोंड.
ते माझ्याकडे बघत राहिलं,
पट्टा बदललाय हे कळल्यासारखं.
अकरा वर्षांतलं हे कितवं असेल?
मी वळसा घातला. जुरांदीरएवढा सफाईदार नाही आला.

पलीकडे तो जाळी फारच वर धरून उभा होता.
खडा सुटला, खालून गेला,
तो एका पायावर नाचला.
"टेकव, खाली टेकव!" मी ओरडले.
इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसणार.
त्यानं मान हलवली.
मीही अशीच हलवायचे.