नखाएवढं

लाखांदूरच्या बाजारओळीत, खताच्या दुकानावरची खोली.
यादोराव लांजेवारांच्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह
मी इथं स्कॅन केल्या. अकरा हजार चारशे.
बुरशी लागलेल्या वेगळ्या.

एवढ्यांच्या छोट्या प्रती आधीच करून ठेवायला
भाड्याच्या सर्व्हरवर जागा नाही, माझ्याकडे पैसा नाही.
म्हणून झनकाबाईच्या टपरीचा कायदा लावला:
गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की मगच
आलूबोंडा तेलात पडतो.
कोणी पान उघडतं,
आधी राखाडी चौकोन, मग एकेक करून
धानाचे पुंजणे, बोडीतल्या म्हशी, दंडारीतली पोरं,
नखाएवढी, तिथल्या तिथं तळलेली.
पहिल्याला थांबावं लागतं.
दुसऱ्याला परातीतला मिळतो, लगेच.

चौकोन कसा कापायचा ते एका ओळीत सांगितलं होतं:
मधलं घे, कडेचं सोड.
लिहिताना हात थांबला नाही माझा.

मग सुरतेहून फोन. प्रल्हाद भेंडारकर, लूमवर कामाला.
"मंडईतल्या नाटकाचा फोटो हाय नं तुमचा, राजा मरते थो.
त्यात माहा बाप नाई दिसत."
म्हटलं, मोठा उघडा, अख्खा आहे.
"उघडला नं. मोठ्यात हाय.
पह्यल्या पानावर नाई."

पाहिलं. उजव्या कडेला, बांबूला टेकून,
पडद्याची दोरी मनगटाला गुंडाळलेला माणूस,
तोंड अर्धं उघडं,
राजाचे संवाद राजाच्या आधी म्हणणारा.
बत्तीचा उजेड त्याच्या गुडघ्यापर्यंतच.

चौकोन उजवीकडे सरकवला.
बाप आला, तलवार गेली.
आणखी थोडा, मुकुट गेला.
दोघं मावतील असं मापच नव्हतं.
शेवटी राजा अर्धा ठेवला. तसाही मरतच होता.

त्या एका फोटोसाठी वेगळी ओळ लिहिली:
हाच क्रमांक असेल, तर दोरीवाल्यापासून मोज.
आयटीआयमधले आमचे सर याला जुगाड म्हणत,
चांगल्या अर्थानं नाही.
पुढच्या आठवड्यात कौतिकाबाईंची नात,
मग पवनीचा एक सनईवाला,
मग एक जण, ज्याला फक्त बैलाचं शिंग हवं होतं.
आता अपवादांची यादी मूळ प्रोग्रामहून लांब आहे
आणि पान दीड सेकंद उशिरा उघडतं.

प्रल्हादचा परत फोन आला.
"दिसला," म्हणाला. "इतकुसाच हाय, पर
दोरी धरलेला हात समजते."
मागे लूमचा खडखडाट. बराच वेळ
त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही.

आज दुपारी जागा भरली म्हणून
साठलेले छोटे फोटो सगळे पुसून टाकले.
मूळ शाबूत आहेत, काही बिघडत नाही.
फक्त संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर
कोणी तिकडून पान उघडलं, तर
परत तो राखाडी चौकोन,
कढई तापेपर्यंत.