व्होल्ट

फहूद. रात्रीचे अडीच.
मडच्या टाकीवर डिझेलचा उग्र दर्प,
बोटांच्या भेगांत चुन्याची आग.

घरी ताक घुसळायचे ते लोणी सुटावं म्हणून.
इथे मी घुसळतो
ते काही सुटू नये म्हणून:
ऐंशी भाग तेल, वीस भाग खारं पाणी,
थेंबन् थेंब तेलाच्या कवेत.

आईला सांगितलं होतं, चिखल सांभाळतो.
"एवढं शिकून?" म्हणाली.

कपात प्रोब बुडवतो.
व्होल्ट चढत जातात; जिथे थेंब हार मानतात
तो आकडा वहीत.
काल सहाशे ऐंशी. आत्ता तीनशे दहा.
खालून कुठूनतरी पाणी शिरलंय.

सुलैम काही विचारत नाही.
चुन्याची पोती खांद्यावर घेऊन जिना चढतो,
मग इमल्सिफायरचं पिंप.
"सब्र," म्हणतो, हॉपरशी उकिडवा बसतो.

साडेतीन हजार मीटर खाली
शेलचा थर: पाणी लागलं की फुगतो, ढासळतो.
त्याच्यापासून पाणी लपवायचं,
तेही पाणी सोबत घेऊनच.

चार वाजता चारशे नव्वद.
लिहितो.
सुलैमच्या दाढीत चुना,
माझ्या चहावर तवंग.
बोटाने सारतो, पुन्हा येतो.
तसाच पितो.