उशिराची कारणं

एकतीस वर्षं मी कंट्रोलमध्ये बसून
दुसऱ्यांच्या गाड्यांचा उशीर लिहिला.
सिग्नल बंद. इंजिन बंद. पुढे मालगाडी.
कानाला फोन, समोर तक्ता,
गाडी मात्र एकही दिसायची नाही.

आता जुळे सोलापुरात, घरामागे
माझी स्वतःची लाइन आहे.
बेचाळीस फूट, गोल.
खडी खरी, बाळे स्टेशनाच्या कडेची, पिठाच्या चाळणीने चाळलेली
(चाळणीवरून जे झालं ते इथे लिहीत नाही).
डबे म्हणजे गज्जमचे धोटे.
माग भंगारात गेला त्या दिवशी
आठ धोटे त्याने पिशवीत लपवून आणले होते.
म्हणाला, जन्मभर यांना इकडून तिकडं पळवलं,
आता जरा गोल फिरू दे.

नोंदवही मी सुटू दिली नाही.

सात मार्च. लिंबोणीजवळ गाडी नऊ मिनिटं उभी. कारण: सरडा.
शिट्टी दिली. त्याने मान हलवली,
होटगीचा एक पॉइंट्समन हलवायचा तशी,
हो म्हणायचा आणि जागचा उठायचा नाही.

अकरा मार्च. माल गहाळ.
दोन डबे शेंगदाणे, मुंगळ्यांनी भर दुपारी उतरवून घेतले.
पावती नाही.

एकोणीस मार्च. म्हमाणेबाईंची शेळी कुंपणातून आत.
हिरवी झेंडी खाल्ली.
लाल हुंगली, सोडून दिली.

बारा एप्रिल.
रात्रभर टिटवी ओरडत होती, बायको म्हणाली, बरं नव्हे हे.
सकाळी गाडी वळणावर अडली.
चार अंडी, दोन रुळांच्या मध्ये,
खडीच्याच रंगाची, खडीतच ठेवलेली.
इंजिन वीतभर अलीकडे थांबलं होतं.
बॅटरी उतरली म्हणून.
मी थांबवलं नाही, हे नोंदवतो.

लाल झेंडी लावली. लाइन बंद.
मुदत: माहीत नाही.
नोकरीत असं लिहिलं असतं तर दुपारच्या आत मेमो आला असता.

ऊन त्रेचाळीसवर गेलं. नळ पाचव्या दिवशी.
तलाव म्हणून मी एक परात पुरली होती, शोभेला.
टिटवी तिच्यात बसायची, पोट भिजवायची,
तुरुतुरु परत जायची आणि
ओल्या पोटाने अंड्यांवर उभी राहायची.
दिवसातून किती खेपा, मोजल्या, मग सोडून दिल्या.
परातीसाठी मी अंघोळीचं पाणी कमी केलं.
घरात कोणी विचारलं नाही, वास आला असेल.

टँकरवाला मौला पाइप ओढत मागे आला,
"काय करूलालाव काका, गाडी का उभी?"
टिटवी त्याच्या डोक्यावरून दोनदा गेली.
तो उकिडवा बसला, बराच वेळ.
त्यानंतर गल्लीत टँकर हॉर्न न वाजवता यायला लागला
आणि बायका हंडे घेऊन धावायच्या ते चुकायला लागलं.
त्या भांडणाची नोंद वेगळ्या पानावर आहे.

गज्जम रोज संध्याकाळी.
चालू? बंद.
बंद म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही.
तो खुर्ची ओढतो, लांब, टिटवीने ठरवून दिली तिथे,
आणि शेंगा सोलतो. टरफलं खिशात.
एकदाच म्हणाला,
गिरणी अशी बंद असती तर मी दारात बसून राहिलो असतो.

नऊ मे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
तीन पिल्लं. काड्यांच्या पायांची.
एकाने रूळ ओलांडताना दोनदा आपटी खाल्ली,
तिसऱ्यांदा त्याने रूळच टाळला, स्लीपरच्या खालून गेलं.
दुपारपर्यंत आईच्या मागे कुंपणाबाहेर,
मोकळ्या प्लॉटात, बाभळीखाली.

उशीर: सत्तावीस दिवस.

चौथं अंडं आहे तसंच आहे.
गज्जमने धोटे पुसून ओळीने मांडलेत, बॅटरी भरलेली,
तो माझ्याकडे बघतोय.
लाल झेंडी मी अजून काढलेली नाही.
हिरवी शेळीच्या पोटात आहे.