आधी कंदील

फॉर्मवर दोनच चौकटी होत्या :
तंबाखू सोडणार, होय. तंबाखू सोडणार, नाही.
हरिपुरात पहिल्याच दिवशी बावीस घरं फिरले
आणि बावीस फुल्या मारून आले
सगळ्या 'नाही'खाली.

सुगंधाक्कानं तर मशेरीचं बोट तोंडातून न काढता
सगळं ऐकून घेतलं.
मी तक्ता उलगडला, गालाला भोक पडलेली बाई दाखवली.
अक्का बराच वेळ बघत राहिली,
मग पिंक टाकून म्हणाली,
"लुगडं बरं हाय हिचं. झालं का बोलून? च्या घे."

भरमूअण्णा पेवात उतरणारा माणूस.
महापुरानंतर पेवं बुजली, हळद गोदामात गेली,
अण्णाकडं कट्टा उरला, बिडी, आणि रात्रीचा खोकला.
माझी पिशवी, माझा घाम, माझे तक्ते बघून
त्यानं कट्ट्यावर जागा करून दिली.

"पेव फोडलं की लगेच उतरायचं नसतंय, पोरी.
आत हवा मेलेली असती.
तोंड उघडं ठेवायचं. दम धरायचा.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा खाली.
इझला, तर वर वढायचा आन् बिडी पेटवून..."
इथं तो स्वतःच हसला, हसताना खोकला आला,
खोकला संपायला वेळ लागला.
"...बसायचं आपलं.
जळत ऱ्हायला तरच पाय आत."
घाईनं उतरलेल्या कुणाचं तरी नाव
त्यानं अर्धंच घेतलं.

पुढच्या महिन्यात मी फॉर्म बाहेर काढलाच नाही.
"अक्का, मशेरीनं बरं वाटतं का?"
हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.
"वाटतंय की. हळद निवडून मान मोडती,
मग एक बोट लावलं की डोस्कं उतरतंय."
"आणि न आवडणारं काही?"
सूप थांबलं. पिवळी धूळ खाली बसत गेली.
"धाकटी सून पोराचा पापा घेऊ देत न्हाई मला."

तेवढंच.
कंदील विझला नव्हता.
माझ्या जिभेवर पाठ केलेली सगळी वाक्यं तयार होती,
ती गिळून मी उठले.
त्या वर्षात एवढं अवघड काम दुसरं केलं नाही.

मग गुडघेदुखी, रेशनकार्ड, वांग्यांचा भाव,
असे चार महिने गेले.
एका सकाळी संगमाच्या वाटेवर तिनंच हात धरला :
"ते काय सांगणार हुतीस, ते सांग आता."
दिवस तिनं ठरवला, अमावास्या झाल्यावरचा.
मशेरी भाजायचा तवा राखेनं घासून
त्यावर पहिली भाकरी टाकली. म्हणाली, "कडू लागती."
पण खाल्ली.

एकोणीस दिवस.
विसाव्या दिवशी म्हैसाळचा भाऊ गेला.
रडून दमलेल्या बायकांत डबी फिरली, तिच्यापाशी आली.

नंतर मला बघितलं की ती दार लोटून घ्यायची.
मी परड्यातून गेले.
"मार तुझी फुली 'नाही'वर," तोंडावर पदर धरून म्हणाली.
"मारते. पण अक्का, एकोणीस दिवस कुठं लिहू?
त्याला चौकट नाही."
समासात पेन्सिलीनं लिहिलं : १९.
तिला वाचता येत नाही, आकडे येतात.
कागद हातात घेऊन निरखला,
पिवळं बोट आकड्याच्या खाली टेकवलं.
"हितं जागा हाय अजून," म्हणाली.

दर गुरुवारी मी अण्णाच्या कट्ट्यावर बसते.
कृष्णेकडून वारा येतो, बिडीचा धूर माझ्या पदरात शिरतो.
मी काही विचारत नाही. मी का येते ते त्याला माहीत आहे.
निघताना तोच म्हणतो,
"इझतोय बघ अजून."
"बरं," म्हणते मी,
आणि दोरी वर घेते.